कमी दमाचं इंधन, जास्त दमाचं इंजिन

ब्राझीलमध्ये फोक्सवॅगनची व्हर्टस घ्यायला गेलं की माहितीपत्रकात इंजिनाच्या ताकदीचे दोन आकडे दिसतात. इंजिन एकच: एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो. पेट्रोल भरलं तर 116 अश्वशक्ती आणि इथेनॉल भरलं तर 128. त्याच कुळातलं इंजिन आपल्याकडे चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टसमध्येही बसतं. इथल्या माहितीपत्रकात मात्र त्याचा आकडा एकच, 115.

आपल्याकडे इथेनॉलचा विषय निघाला की बोलणं थेट ‘ॲव्हरेज पडलं’ इथेच येऊन थांबतं. 2025 च्या पावसाळ्यात ई-20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वरून समाजमाध्यमांवर रणकंदन झालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1 सप्टेंबरला याचिका फेटाळली गेली. ॲव्हरेजची तक्रार खोटी नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एका लिटर इथेनॉलमध्ये 21. म्हणजे तिसरा हिस्सा गायब. मग ब्राझीलच्या त्या इंजिनात बारा घोडे जास्तीचे आले कुठून?

सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर असं की इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून ते ‘चांगलं जळतं’ आणि ताकद वाढते. हे उत्तर बाजूला ठेवलेलं बरं. रेणूत आधीच ऑक्सिजन असणं म्हणजे इंधन थोडंफार आधीच जळून आलेलं असणं. ऊर्जा कमी भरते ती त्याच कारणाने. तरीही या उत्तराच्या आसपास एक खरी गोष्ट आहे.

इंजिनाची ताकद इंधनावर ठरते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती ठरते हवेवर. इंधन हवं तेवढं ओतता येतं, इंजेक्टर आणि पंप थोडे मोठे लावले की काम भागतं. अडतं ते हवेपाशी, कारण सिलिंडरमध्ये मावेल तेवढ्याच हवेतलं इंधन जळणार. एक किलो हवेत पेट्रोल पुरतं जाळायचं तर सुमारे 68 ग्रॅम लागतं, इथेनॉल 111 ग्रॅम. आता ऊर्जेचा हिशेब मांडला तर दोन्हीकडे उत्तर तीन मेगाज्यूलच्या जवळच येतं, इथेनॉलचं कणभर जास्तच. इथेनॉलमध्ये किलोमागे ऊर्जा कमी, पण तेवढ्याच हवेत ते जास्त जाळता येतं. तोटा होतो तो टाकीत. सिलिंडरमध्ये होत नाही.

म्हणजे हवेच्या मापाने दोन्ही इंधनं बरोबरीची. एवढ्याने नुकसान का होत नाही हे कळतं, फायदा का होतो हे कळत नाही. त्यासाठी नॉकिंगकडे वळावं लागतं.

ठिणगी पडली की सिलिंडरमधलं मिश्रण एकदम भडकत नाही. स्पार्क प्लगपासून ज्योत पसरत जाते आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपली पाळी येण्याची वाट पाहतं. मधल्या काळात वाढत्या दाबाने ते तापत असतं. ज्योत पोहोचण्याआधीच ते स्वतःहून पेटलं, तर धातूवर हातोडी मारल्यासारखा टकटक आवाज येतो. जड भरलेली गाडी चुकीच्या गिअरमध्ये घाट चढताना तो जुन्या ड्रायव्हरांनी पुष्कळ ऐकलेला आहे. तो आवाज म्हणजे दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळत असल्याची खूण. हे चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

टर्बो इंजिनाचं सगळं आयुष्य या नॉकिंगच्या उंबऱ्यावर जातं. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा दाबली की तापते. तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर टर्बोतून बाहेर पडताना ती शंभर-सव्वाशे अंशांवर गेलेली असते. इंटरकूलर तिला थोडं शांत करतो, पण मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला इंटरकूलरवर आदळणारी हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची असेल, तर तो बिचारा काय करणार! दाब जास्त, तापमान जास्त, म्हणजे कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटायला टपलेलंच.

इंजिनाचा संगणक मग माघार घेतो. सिलिंडर ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला नॉक सेन्सर असतो. त्यातलं स्फटिक धक्का बसला की विजेचा इशारा देतं. तो इशारा आला की संगणक ठिणगी उशिरा टाकतो, बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) कमी करतो. ही युक्ती रस्त्यावरच्या मोटारींत आणण्यात स्वीडनची साब कंपनी आघाडीवर होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिच्या टर्बो गाड्यांत नॉक ऐकून बूस्ट ठरवणारी यंत्रणा आली. ठिणगी उशिरा पडली की जाळ पिस्टन खाली निघाल्यावर होतो. पिस्टनला रेटा कमी मिळतो आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमधून टर्बाइनवर जाते. टर्बाइनची पाती साडेनऊशे अंशांच्या आसपास हात टेकायला लागतात. त्यांना वाचवण्यासाठी संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततो, केवळ गारव्यासाठी. एक्सप्रेस-वेवर पाय खाली दाबून ठेवला की टर्बो पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज कोसळतं, त्यात या वाया जाणाऱ्या पेट्रोलचाही वाटा असतो.

म्हणजे टर्बो इंजिनात ताकद दडवलेली असते असं म्हणायला हरकत नाही. हवा कोंबायची क्षमता असते, पण पेट्रोल परवानगी देत नाही. इथेनॉल ती परवानगी देतं. या लेखाला जे सांगायचं आहे ते एवढंच: इथेनॉल इंजिनाला ताकद देत नाही, मुभा देतं, ती मुभा वापरायची की नाही हे टर्बो आणि संगणक ठरवतात.

ही मुभा दोन वाटांनी येते. पहिली रसायनाची. पेट्रोलमधल्या कार्बनच्या लांब सरळ साखळ्या तुलनेने कमी तापमानालाच ऑक्सिजनशी झोंबायला लागतात आणि एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी अभिक्रियांची मालिका पेटवून देतात. इथेनॉलचा रेणू दोनच कार्बनचा. त्याच्यात ही कमी तापमानाची मालिका धरतच नाही. पेट घ्यायला त्याला जास्त तापमान किंवा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात ज्योत येऊन पोहोचते. शिवाय इथेनॉलची ज्योत पेट्रोलपेक्षा थोडी वेगानेच पसरते.

दुसरी वाट गारव्याची, आणि टर्बोच्या दृष्टीने हीच जास्त रंजक. हातावर सॅनिटायझर घेतलं की गार वाटतं, कारण अल्कोहोल उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं. सिलिंडरमध्येही तेच घडतं. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला साधारण साडेतीनशे किलोज्यूल लागतात, एक किलो इथेनॉलची व्हायला नऊशेच्या आसपास. त्यातच तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल दीडपटीहून जास्त ओतावं लागतं, हे आधी आलंच आहे. म्हणजे किलोभर हवेमागे पेट्रोल 24 किलोज्यूल शोषतं आणि इथेनॉल सुमारे 100. चौपट! ही सगळी उष्णता हवेतूनच घेतली गेली तर कागदावर मिश्रण ऐंशी-नव्वद अंशांनी गार व्हायला हवं.

प्रत्यक्षात तेवढं होत नाही. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये असेल तर इंधनाचा फवारा व्हॉल्व्हच्या तापलेल्या पाठीवर पडतो आणि गारवा हवेऐवजी लोखंडाला मिळतो. वर इथेनॉलची वाफ जागाही खाते. हवेत मिसळल्यावर तिचा वाटा साडेसहा टक्क्यांच्या घरात जातो, पेट्रोलच्या वाफेचा दोन टक्क्यांपर्यंतसुद्धा जात नाही. गार हवा दाट होऊन जे मिळवलं त्यातलं बरंच वाफेने परत घेतलं. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनात मात्र चित्र पालटतं. हवा आधी आत येते, इंधन मागून तिच्यातच उडतं आणि गारवा जिथे हवा तिथेच पोहोचतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत टर्बो आणि थेट फवारणी यांची जोडी जमली, इथेनॉलचा फायदा ठळक दिसायला लागला तो त्यानंतर.

गारव्यासाठी अल्कोहोल वापरायची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांच्या सुपरचार्ज केलेल्या इंजिनांत पाणी आणि मिथेनॉल यांचं जवळजवळ निम्मं-निम्मं मिश्रण फवारून थोड्या वेळापुरता बूस्ट वाढवत.

ऑक्टेनचा आकडाही या गारव्यामुळे फसवा होतो. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, दोन्ही एकाच जुन्या धाटणीच्या, एका सिलिंडरच्या चाचणी-इंजिनावरच्या. ‘रिसर्च’ पद्धतीत इंजिन मिनिटाला 600 फेरे फिरतं आणि आत जाणारी हवा 52 अंशांची असते. ‘मोटर’ पद्धतीत फेरे 900 आणि आत जाणारं मिश्रणच मुद्दाम 149 अंशांपर्यंत तापवलेलं. पहिल्या परीक्षेत इथेनॉल 108-109 गुण मिळवतं, दुसरीत जेमतेम नव्वद. मिश्रण आधीच तापवून दिल्यावर बाष्पीभवनाचा गारवा जमेला धरला जात नाही आणि इथेनॉलची रसायनाची बाजूही जास्त तापमानाला पातळ पडते. दोन आकड्यांतला हा मोठा फरक पूर्वी अवगुण समजला जाई. आधी शेल आणि नंतर सौदी अरामको इथे संशोधन केलेले गौतम कळघटगी यांनी दाखवून दिलं की आधुनिक टर्बो इंजिनांत गोष्ट उलटी आहे. तिथे दाब प्रचंड पण तापमान त्या मानाने आटोक्यात असतं, म्हणजे परिस्थिती रिसर्च चाचणीच्याही पलीकडची. अशा इंजिनात हा फरक जितका मोठा तितकं इंधन नॉकिंगला चिवट. इथेनॉल टर्बोतच का खुलतं, याचं माझ्या मते सर्वांत समाधानकारक स्पष्टीकरण हेच.

आता साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाचं काय? त्यालाही थोडा फायदा होतो. ब्राझीलमधलं फोक्सवॅगनचंच 1.6 लिटरचं साधं इंजिन पेट्रोलवर 110 आणि इथेनॉलवर 117 देतं. पण तिथे ठिणगी आधी टाकण्यापलीकडे संगणकाच्या हातात फारसं काही नसतं. दाबाचं प्रमाण (कॉम्प्रेशन रेशो) कारखान्यात लोखंडात ओतलेलं, बदलता येत नाही. टर्बोत बूस्ट हा सॉफ्टवेअरमधला आकडा असतो. टाकीत इथेनॉल आहे हे कळलं की तो त्याच क्षणी वाढवता येतो.

ते कळतं कसं? एक मार्ग सेन्सरचा. इथेनॉलचा विद्युत् अपार्यतांक पेट्रोलच्या दहापटीहून अधिक असतो, त्यामुळे इंधनाच्या नळीतून जाणाऱ्या मिश्रणातलं प्रमाण विजेच्या मोजमापाने ओळखता येतं. दुसरा मार्ग ब्राझीलने लोकप्रिय केला: एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर किती इंधन वाढवायला लावतो त्यावरून संगणकच टाकीत काय आहे ते ताडतो. 2003 मध्ये तिथे पहिली ‘टोटल फ्लेक्स’ गोल आली आणि काही वर्षांत बहुतेक नव्या गाड्या दोन्ही इंधनं पिऊ लागल्या.

मुभेचा पुरेपूर वापर कसा दिसतो, याचं माझं आवडतं उदाहरण पुन्हा साबचंच. 2005 मधल्या दोन लिटर टर्बो 9-5 बायोपॉवरला पेट्रोल घातलं तर 150 अश्वशक्ती आणि 240 न्यूटन-मीटर टॉर्क. ई-85, म्हणजे 85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन, घातलं तर 180 आणि 280. इंजिनाचा एकही भाग न बदलता, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, फक्त पंपावरची नळी बदलून. उलट ब्राझीलच्या व्हर्टसचा टॉर्क दोन्ही इंधनांवर 200 न्यूटन-मीटर असाच ठेवलेला आहे. ताकद वाढते ती वरच्या फेऱ्यांना, जिथे पेट्रोलवर माघार घ्यावी लागते तिथे. म्हणजे किती मुभा वापरायची हा शेवटी कंपनीचा निर्णय. (आणि त्या 116 च्या आकड्यामागचं ब्राझीलचं ‘पेट्रोल’ म्हणजे निदान पाव हिस्सा इथेनॉलच असतो, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.) कोएनिगसेग जेस्कोसारख्या चैनीच्या टोकाला हा फरक पेट्रोलवर 1280 आणि ई-85 वर 1600 असा ताणलेला दिसतो. ते आकडे वर्तमानपत्री मथळ्यांसाठी ठीक. शिकायचं असेल तर साबकडून.

या सगळ्याला एक सुंदर अपवाद आहे आणि तो फॉर्म्युला वनमधून आला. 2022 पासून तिथल्या टर्बो इंजिनांना दहा टक्के इथेनॉल असलेलं इंधन सक्तीचं झालं, आणि ताकद वाढायच्या ऐवजी वीसेक अश्वशक्ती गेल्याची चर्चा सुरू झाली. कारण त्या काळच्या नियमांनी हवेवर नव्हे, इंधनावर मर्यादा घातली होती: ताशी 100 किलोपेक्षा जास्त जाळायचं नाही. हवा हवी तेवढी, इंधन मोजून, असं झाल्यावर किलोमागे ऊर्जा कमी असलेलं इथेनॉल मार खाणारच. 2026 च्या नियमांत ही मर्यादा किलोऐवजी ऊर्जेच्या मापात, ताशी 3000 मेगाज्यूल अशी आली. अमेरिकेच्या इंडीकारमध्ये इंधनाच्या प्रवाहाला अशी वेसण नव्हती, तिथे 2012 पासून 2.2 लिटरची टर्बो इंजिनं ई-85 वर निर्धास्त पळाली.

मुळात नॉकिंगवर अल्कोहोल हा उतारा शंभर वर्षांपूर्वीच माहीत होता. जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंग आणि टॉमस मिजली नॉकिंगवर औषध शोधत होते तेव्हा अल्कोहोल त्यांच्या यादीत होतं. डिसेंबर 1921 मध्ये शिशाचं संयुग हाती लागलं. ते चिमूटभर पुरे व्हायचं आणि त्याचं पेटंट घेता येत होतं. दहा-वीस टक्के मिसळावं लागणारं अल्कोहोल मागे पडलं. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल पंपांवरून हद्दपार व्हायला 2000 साल उजाडलं. एवढ्या पिढ्यांनी जे शिसं श्वासातून घेतलं त्याचा हिशेब या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

भारताच्या ई-20 कडे यायचं, तर त्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली म्हटलं तरी चालेल; 2001 मधल्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी दोन मिरज आणि मनमाडला होते. पुढे मळी, उसाचा रस, मका, तांदूळ यांचं अर्थकारण आणि राजकारण काय झालं हे साखरपट्ट्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. तांत्रिक बाजू मात्र कमी बोलली जाते. पूर्वी आपल्या पेट्रोलचा रिसर्च ऑक्टेन किमान 88 होता, पुढे तो 91 झाला आणि ई-20 मध्ये 95. वीस टक्क्यांत एवढा फरक पडतो, कारण इथेनॉलचे रेणू छोटे असतात. आकारमानाने पाचवा हिस्सा असलेलं इथेनॉल रेणूंच्या संख्येत मोजलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरतं, आणि पेट घेण्याच्या रसायनात मोजदाद रेणूंची होते. म्हणून पहिल्या वीस-तीस टक्क्यांतच ऑक्टेनचा मोठा वाटा पदरात पडतो, पुढची चढण मंद होत जाते.

मग ई-20 भरल्यावर आपली छोटी टर्बो गाडी जास्त पळायला हवी की नको? उन्हाळ्यात, घाटात, भरल्या गाडीत, जिथे 91 ऑक्टेनवर संगणक माघार घेत असे तिथे ती माघार कमी होईल. पण टॉर्कची कमाल मर्यादा संगणकाच्या तक्त्यात लिहिलेली असते. तिच्या वर इंजिन जाणार नाही, मग टाकीत काहीही असो. तोटा मात्र आपोआप लागू होतो. लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी, तीही विनाअट. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातले अंदाजही हाच फरक दाखवतात: मूळ शुद्ध पेट्रोलसाठी आखून ई-10 ला जुळवलेल्या चारचाकीत ॲव्हरेज 6-7 टक्के कमी, तर ई-10 साठी आखून ई-20 ला जुळवलेल्या चारचाकीत 1-2 टक्केच. इंधन तेच, जुळवणी वेगळी.

‘मग आपणच थोडं स्पिरिट ओतून बघू’ असं म्हणणारे हौशी लोक असतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणक इंधनाचं प्रमाण आपोआप वाढवतो ते एका मर्यादेपर्यंत. इथेनॉल जास्त झालं तर इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप पुरे पडत नाहीत. शुद्ध इथेनॉलला आकारमानाने पेट्रोलच्या दीडपट प्रवाह लागतो. नेमक्या पूर्ण बूस्टवर इंधन कमी पडलं की जी टकटक टाळायला निघालो तीच पिस्टन घेऊन जाते. बाजारातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं आणि पेट्रोलमध्ये ते मिसळलं की टाकीच्या तळाशी पाणी-अल्कोहोलचा वेगळा थर बसू शकतो. ब्राझीलच्या पंपावरच्या इथेनॉलमध्येही थोडं पाणी असतं खरं, पण तिथली गाडी त्यासाठी बनवलेली असते. रबरी नळ्या आणि सील यांचा प्रश्न वेगळाच.

एक जास्त हुशार मार्ग एमआयटीतल्या ब्रॉमबर्ग, कोन आणि हेवूड यांनी 2006 च्या सुमारास सुचवला होता. मुख्य टाकीत पेट्रोलच ठेवायचं, एका छोट्या टाकीत इथेनॉल, आणि नॉकिंगचा धोका असेल तेवढ्याच क्षणांना ते थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. गारवा हवा तेव्हाच खर्च होतो, थोड्या इथेनॉलवर छोटं इंजिन मोठ्याचं काम करतं. कल्पना तर्काला इतकी पटणारी की तिने बाजारात पाय रोवला नाही याचं आश्चर्य वाटावं. कारण बहुधा साधंच असावं: दोन टाक्या भरायला लोक कंटाळतात.

आपल्याकडे आता चाकण, रांजणगाव, नाशिक इथून छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांच्या गाड्या रोज बाहेर पडतात. 95 ऑक्टेन सगळीकडे मिळणार हे गृहीत धरून त्यांचे बूस्टचे आणि ठिणगीचे तक्ते नव्याने लिहिता येतील, पुढच्या पिढीच्या इंजिनांत दाबाचं प्रमाणही वाढवता येईल. वाहन उत्पादकांच्या संघटनेनेही इंजिनात सुधारणा केल्यास कार्यक्षमतेतली घट कमी करता येते असं नीती आयोगाला कळवलेलंच आहे. ग्राहकाकडे मात्र निवड नाही. साओ पाउलोतला ड्रायव्हर पंपावर उभा राहून इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या 70 टक्क्यांच्या आत आहे का एवढं पाहतो आणि कोणती नळी घ्यायची ते ठरवतो. आपल्याकडे बहुतेक पंपांवर साध्या पेट्रोलची नळी म्हणजेच ई-20 ची नळी, आणि लिटरमागची ऊर्जा घटली म्हणून भाव काही घटलेला नाही.